शंभर रुपयांतले वीस पैसे : एआय तपासायला सरकारकडे पैसा का कमी पडतो?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर तिसरीतल्या एका मुलाची आई फाटकाशी थांबली. मुलाला रात्रीपासून ताप होता. घरात मागच्या वेळची तापाच्या औषधाची अर्धी बाटली होती. ताईंनी मोबाईलमधल्या एआयला मराठीतच विचारलं होतं की मुलाला किती औषध देऊ. लगेच उत्तर आलं. स्वच्छ मराठी, अगदी डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखं. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, हे बरोबर आहे का बघा ना."

मी उत्तर वाचलं. त्यात सरळ मिलीलिटरचा आकडा होता. पण लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं औषध आपल्याकडे वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. काही बाटल्यांत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. म्हणजे चमचा तोच, पण औषध दुप्पट! बाटलीवर काय लिहिलंय हे त्या एआयने विचारलंच नव्हतं. मी ताईंना म्हटलं, हे राहू द्या, आधी आरोग्य केंद्रात दाखवा. त्या गेल्या, मुलगा दोन दिवसांत बरा झाला.

माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला. त्या मला विचारत होत्या, पण मी कोणाला विचारायचं? बिस्किटाच्या पुड्यावर एफएसएसएआयचा क्रमांक असतो. कुकरवर आयएसआय चिन्ह असतं. गाडीला पीयूसी लागतं. मग मुलांच्या हातात आलेलं हे एआय कोण तपासतं? आणि तपासायला पैसे कोण देतं? त्यावर जे वाचलं ते सोप्या भाषेत तुमच्यापुढे मांडते आहे.

एआय सुरक्षेचं काम म्हणजे नेमकं काय?

"एआय सुरक्षा" म्हटलं की काहींना सिनेमातला यंत्रमानव आठवतो, काहींना पासवर्ड आणि ओटीपी. प्रत्यक्षात हे बरंचसं आपल्या पेपर तपासण्यासारखं काम आहे.

१) एआयला मुद्दाम अवघड, फसवे, धोकादायक प्रश्न विचारून ते कुठे चुकतं हे शोधणे.
२) वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या वयाच्या आणि समाजातल्या माणसांच्या प्रश्नांवर ते सारखंच नीट वागतं का, भेदभाव करतं का, हे बघणे.
३) एखादं उत्तर त्याने कशावरून दिलं हे उलगडून दाखवण्याच्या पद्धती शोधणे.
४) शस्त्र, विष, सायबर हल्ला अशा गोष्टींत ते वाईट माणसाला किती मदत करू शकतं हे मोजणे.
५) या सगळ्यावरून मानके, म्हणजे किमान नियम, तयार करणे.

तुम्ही म्हणाल, कंपन्या हे करत नाहीत का? करतात. पण पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच असेल तर त्या गुणांवर आपण किती विश्वास ठेवू? म्हणूनच बाहेरचा तपासनीस लागतो, आणि तो कंपनीच्या पगारावरचा नको. फिरून गाडी सरकारी तिजोरीपाशीच येते.

आपल्या देशाचा आकडा

केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी "इंडिया एआय मिशन" मंजूर केलं. पाच वर्षांसाठी एकूण १०,३७१.९२ कोटी रुपये. मोठी रक्कम आहे आणि तिचं कौतुकच आहे. या मिशनचे सात भाग आहेत. त्यांची वाटणी अशी :

- संगणन क्षमता, म्हणजे एआयला लागणाऱ्या जीपीयू चिप्स (मूळ उद्दिष्ट १०,००० हून जास्त) : ४,५६३.३६ कोटी
- नवनिर्मिती केंद्र, म्हणजे भारतीय मॉडेल तयार करणे : १,९७१.३७ कोटी
- स्टार्टअपना अर्थसाहाय्य : १,९४२.५० कोटी
- कौशल्य शिक्षण : ८८२.९४ कोटी
- शेती, आरोग्य अशा क्षेत्रांसाठी वापराची साधने : ६८९.०५ कोटी
- डेटासेट मंच : १९९.५५ कोटी
- सुरक्षित आणि विश्वासार्ह एआय : २०.४६ कोटी

उरलेले सुमारे १०२.६९ कोटी व्यवस्थापन आणि किरकोळ खर्चासाठी.

शेवटची ओळ परत वाचा. मिशनचे शंभर रुपये धरले तर चिप्सना ४४ रुपये मिळतात आणि सुरक्षेला वीस पैसे. व्यवस्थापनाचा खर्चसुद्धा सुरक्षेच्या पाचपट आहे. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर या कामाला माणशी पाच वर्षांत मिळून साधारण पंधरा पैसे येतात, म्हणजे वर्षाला तीन पैसे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही या मिशनमधल्या एका शीर्षाची रक्कम आहे. सायबर सुरक्षा, संशोधन, भाषा तंत्रज्ञान अशी इतर सरकारी कामेही चालू असतात आणि त्यांचा थोडा उपयोग इकडे होतो. तरीही शीर्षांच्या वाटणीवरून घरातला कल कळतो. घरखर्चाच्या वहीत दप्तराला किती आणि दिवाळीच्या फटाक्यांना किती, यावरून कळतो तसाच.

या पैशातून काम सुरूही झालं आहे. २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ प्रकल्प निवडले गेले. जोधपूरच्या आयआयटीकडे एआयला शिकलेली गोष्ट विसरायला लावण्याचा विषय आहे. रायपूरच्या एनआयटीकडे आरोग्यसेवेतला भेदभाव कमी करण्याचा. आपल्या पुण्यातली, गिरिनगरची संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थाही या यादीत आहे. एआयने निर्णय कसा घेतला ते उलगडण्यावर तिचा प्रकल्प आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये भारताची एआय सुरक्षा संस्था जाहीर झाली. तिची रचना चाकासारखी आहे. मध्ये एक केंद्र आणि आऱ्यांसारख्या देशभरच्या शिक्षणसंस्था.

मंजूर, तरतूद आणि खर्च : तीन वेगळे शब्द

वर्तमानपत्रात "अमुक कोटी मंजूर" असं वाचलं की आपल्याला वाटतं पैसे मिळाले. पण आपण शिक्षक हे चांगलंच जाणतो की मंजूर होणं वेगळं, वर्षाच्या अर्थसंकल्पात तरतूद होणं वेगळं आणि खात्यावर येऊन खर्च होणं तिसरंच.

याच मिशनचं उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ५५१.७५ कोटींची तरतूद होती. वर्षाच्या शेवटी सुधारित अंदाज आला तेव्हा तो आकडा १७३ कोटींवर आला. म्हणजे ठेवलेल्या पैशाचा तिसरा हिस्सासुद्धा लागणार नव्हता. पुढच्या वर्षासाठी, २०२५-२६ साठी, तरतूद २,००० कोटी केली गेली. नव्या योजनेच्या पहिल्या वर्षी असं होतंच, कारण निविदा, समित्या, नेमणुका यांत वेळ जातो. पण तंत्रज्ञान त्या वेळात थांबत नाही. आपली फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते तोवर एआयची नवी आवृत्ती बाजारात येते आणि मुलांच्या हातातही पडते.

पैसा नेमका कुठे अडतो?

रक्कम कमी, ही एक अडचण झाली. पण सरकारी पैशाला त्याच्या स्वतःच्या चार गाठी असतात. शाळेच्या उदाहरणाने त्या पटकन कळतील.

*पहिली गाठ : लेखाशीर्ष.* समग्र शिक्षा अभियानातून आपल्याला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. निकषाप्रमाणे शंभरपर्यंत पट असलेल्या, पण अगदी लहान नसलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवरच करायचे. पंखा बिघडला म्हणून ते पैसे तिकडे वळवता येत नाहीत. सुरक्षा संशोधनाचंही तसंच आहे. चिप्सच्या शीर्षात ४,५६३ कोटी असले तरी त्यातून तपासनीसाचा पगार निघत नाही.

*दुसरी गाठ : हप्ते आणि उपयोगिता प्रमाणपत्र.* एका वर्षी आमच्या शाळेचं अनुदान मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यावर आलं. ३१ मार्चच्या आत खर्च करून प्रमाणपत्र द्यायचं होतं. गरज होती विज्ञान साहित्याची, पण ते मागवायला वेळ नव्हता. शेवटी गावात जे मिळालं ते घेतलं. संशोधन संस्थांनाही प्रकल्पाचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. मधल्या काळात तरुण संशोधकाचा पगार कुठून द्यायचा?

*तिसरी गाठ : माणसं.* सरकारी प्रकल्पात कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती आणि नियमानुसार घरभाडे असा दर आहे. एआय उत्तम जाणणाऱ्या मुलीला कंपनी याच्या कितीतरी पट देते. म्हणजे जिच्याकडून तपासून घ्यायचं ती ज्याला तपासायचं त्याच्याकडेच नोकरीला! दोष तिचा नाही. तिच्याही घरी हप्ते असतात.

*चौथी गाठ : सरकार बदललं की.* योजनेचं नाव, उद्देश, प्राधान्य सगळं बदलू शकतं. याची मोठी उदाहरणं परदेशात घडली आहेत, ती पुढे बघू.

श्रीमंत देशांत तरी वेगळं आहे का?

मलाही वाटलं होतं की तिकडे पैशाची ददात नसेल. चित्र वेगळं निघालं.

ब्रिटनने २०२३ मध्ये एआय कार्यदलासाठी १० कोटी पौंड जाहीर केले, म्हणजे त्या वेळचे साधारण १,००० कोटी रुपये. त्याच वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला ब्लेचली पार्क इथे जागतिक परिषद झाली. भारतासह २८ देशांनी आणि युरोपीय संघाने तिथल्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. कार्यदलाची पुढे एआय सुरक्षा संस्था झाली. सरकारी तपासणीसाठी एवढा पैसा ठेवणारा देश तेव्हा दुसरा नव्हता. पण २०२४ च्या उन्हाळ्यात सरकार बदललं. आधीच्या सरकारने एडिनबरा इथल्या महासंगणकासाठी ८० कोटी पौंड आणि एआय संशोधनाच्या संगणन सुविधेसाठी ५० कोटी पौंड जाहीर केले होते. नवं सरकार म्हणालं, घोषणा झाली पण तरतूद कुठे आहे? दोन्ही बाजूला ठेवले गेले. एडिनबराचा प्रकल्प २०२५ मध्ये परत हाती घेतला गेला. वर्ष मात्र गेलं ते गेलंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेच्या इंग्रजी नावातला "सेफ्टी" शब्द जाऊन "सिक्युरिटी" आला.

अमेरिकेची गोष्ट तर शाळेच्या गळक्या छताची आठवण करून देते. तिथे हे काम १९०१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानक संस्थेकडे, म्हणजे एनआयएसटीकडे दिलं गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी मोठा आदेश काढला आणि संस्थेला कामांची लांबलचक यादी मिळाली. पण २०२४ च्या वर्षात संस्थेचा एकूण निधी आदल्या वर्षापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी घटला. नव्या एआय सुरक्षा संस्थेला मिळाले फक्त १ कोटी डॉलर, तेव्हाचे साधारण ८३ कोटी रुपये. त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून आलं की या संस्थेच्या इमारतींत छतं गळतात, भिंतींवर बुरशी आहे, वीज जाऊन प्रयोग वाया जातात. जगातल्या सगळ्यात बलाढ्य कंपन्यांचं काम तपासणारी माणसं गळक्या छताखाली! पुढे २० जानेवारी २०२५ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी तो आदेश रद्द केला. जूनमध्ये संस्थेचं नावही बदललं. "सुरक्षा" गेली, "मानके आणि नवनिर्मिती" आली.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे मुख्य अडचण रकमेची आहे. तिकडे रक्कम जास्त असूनही टिकाऊपणाची आहे. आणि तपासणीला एकदम मोठा निधी मिळण्यापेक्षा दरवर्षी न चुकता मिळणारा निधी जास्त लागतो. आपण एकदाच चाचणी घेऊन मूल शिकलं असं म्हणत नाही ना? एआयची आवृत्ती दर काही महिन्यांनी बदलते, म्हणून तपासणीही सतत लागते.

दुसरी बाजूही ऐकू या

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. आपल्याकडे स्वतःच्या चिप्स नाहीत, स्वतःची मोठी मॉडेल आत्ता कुठे घडू लागली आहेत. जे अजून घडलंच नाही ते तपासायला आधी पैसा कशाला, असा एक विचार आहे. शिवाय चाकासारख्या रचनेत नवी इमारत, नवे बाबू लागत नाहीत. असलेल्या आयआयटीतच काम होतं, म्हणून कमी पैशात भागतं. चिप्ससुद्धा शेवटी संशोधकांना स्वस्तात मिळतात.

हे मला पटतं, पण अर्धंच. मॉडेल आपलं नसलं तरी वापरणारी मुलं आपली आहेत. बाहेरून आलेलं औषधही आपण आपल्या प्रयोगशाळेत तपासतोच. आणि पूल बांधताना त्याची ताकद आधी तपासायची की उद्घाटनानंतर, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

याचा आपल्या मुलांशी काय संबंध?

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारीही आपली मुलं आहेत. ती प्रश्न विचारतात ते पुस्तकी मराठीत नाही. "पोटात गुडगुडतंय", "डोकं जाम ठणकतंय", अर्धं मराठी अर्धं हिंदी. अशा प्रश्नांना एआय सुरक्षित उत्तर देतं का, हे तपासायला मराठी जाणणारी माणसं बसवावी लागतात. डॉक्टर लागतात, शिक्षक लागतात, बोली जाणणारे लागतात. हजारो उत्तरं हाताने वाचावी लागतात. हे काम चिप्स विकत घेऊन होत नाही, त्याला माणसांचा पगार लागतो. आणि पैसा कमी असला की आधी इंग्रजी, मग हिंदी, मग वेळ उरला तर बाकीच्या भाषा, असंच होणार. वीस पैशांतला मराठीचा वाटा किती, हे गणित तुम्हीच करा.

त्या ताईंच्या मोबाईलमधलं उत्तर मराठीत सुंदर होतं. ते मराठीत कोणी तपासलं होतं का, हा खरा प्रश्न आहे.

वर्गात घेता येईल असा उपक्रम (इयत्ता ५ वी ते ७ वी)

- फळ्यावर वरची सात शीर्षं आणि रकमा लिहा.
- प्रत्येक रकमेचा शेकडा काढायला सांगा. उत्तरं : चिप्स ४४.००, नवनिर्मिती १९.०१, स्टार्टअप १८.७३, कौशल्य ८.५१, साधने ६.६४, डेटासेट १.९२, सुरक्षा ०.२०, व्यवस्थापन ०.९९. बेरीज बरोबर १०० येते.
- एक मीटर लांबीची कागदी पट्टी घ्या आणि त्या प्रमाणात रंगवायला लावा. सुरक्षेच्या वाट्याला फक्त २ मिलिमीटर येतात. पेन्सिलीची एक जाड रेघ! शेकडेवारी मुलांच्या कायमची लक्षात राहते.
- मग विचारा : तुम्ही अर्थमंत्री असता तर ही पट्टी कशी रंगवली असती? कोणाचा वाटा कमी केला असता आणि का? इथे चूक-बरोबर काही नाही. पण वाटा वाढवायचा तर दुसरीकडून कमी करावा लागतो, हे मुलांना आपोआप कळतं.

पालकांसाठी चार गोष्टी

१) औषध, आजार, वीज, गॅस, पैसे यांबाबत एआयचं उत्तर अंतिम समजू नका. आशाताई, डॉक्टर, जाणकार यांना विचारा.
२) मूल एआय वापरत असेल तर शेजारी बसा. "हे तुला कशावरून खरं वाटतं?" एवढा एकच प्रश्न रोज विचारा.
३) चुकीचं उत्तर दिसलं तर ॲपमध्येच तक्रार नोंदवण्याची सोय असते, ती वापरा. मराठीतल्या चुका मराठी माणसाने सांगितल्या नाहीत तर कोण सांगणार?
४) लोकप्रतिनिधी गावात आले की रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा : मुलांच्या मोबाईलमधलं एआय मराठीत तपासायला किती पैसे ठेवलेत? प्रश्न नवा वाटेल, हसतीलही. पण अर्थसंकल्पातले आकडे विचारणाऱ्यांमुळेच बदलतात. आपल्या शाळेच्या खोल्याही अशाच झाल्या आहेत.

शेवटी एवढंच. एआयला घाबरायचं कारण नाही. मी स्वतः स्वाध्यायाच्या प्रश्नपत्रिका करायला ते वापरते, आणि वर्गात देण्याआधी प्रत्येक उत्तर तपासते. मला त्यासाठी रोज अर्धा तास लागतो. देशालाही तो अर्धा तास काढावा लागेल, आणि त्याचा पगार द्यावा लागेल.

तुमच्या वर्गात ही पट्टी रंगवली तर मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.